पाव, चरबी आणि घोड्याचं मांस : श्रावणातलं बेळगाव, नरगुंद, कणकुंबी

आत्या बेळगावात शहापूरला राहते, त्यामुळे बेळगाव आम्हाला काही नवीन नाही. या वेळी मात्र दादा आणि मी एक विषय डोक्यात घेऊन गेलो होतो. लढाईत आणि प्रचारात लोकांच्या खाण्यापिण्याच्या धार्मिक बंधनांचा हत्यार म्हणून वापर कसा झाला, याचं दादाचं बरेच दिवस वाचन चाललंय, आणि त्याच्या लक्षात आलं की यातल्या कितीतरी धाग्यांची टोकं बेळगावच्या आसपास आहेत. मग ठरवलं की आत्याकडे मुक्काम ठोकायचा आणि रोज एका बाजूला जायचं.

शुक्रवार : कॅम्प

पोचलो तेव्हा बारीक पाऊस लागून राहिला होता. आत्याकडे श्रावण कडक. भिंतीवर जिवतीचा कागद चिकटवलेला, त्याला आघाडा-दुर्वांची माळ, खाली पाटावर दूध-साखर आणि फुटाणे. पुरण शिजत होतं आणि वेलदोड्याचा वास पार जिन्यापर्यंत येत होता. आत्या म्हणाली, "हातपाय धुवून घ्या आधी, मग बसा की."

दुपारी कॅम्पात गेलो. कॅन्टोन्मेंटचा भाग म्हणजे मोठमोठी झाडं, जुने बंगले, शांत रस्ते. मराठा लाइट इन्फंट्रीचं रेजिमेंटल सेंटर इथेच आहे. १९२२ साली जुन्या मराठा पलटणींची फेररचना झाली तेव्हापासून या पलटणीचं घर बेळगाव. (लष्करी हद्दीत फोटो काढायला बंदी आहे, मोबाइल खिशातच ठेवा, आणि आत काही बघायचं असेल तर आधी रीतसर परवानगी काढा, गेटवर हुज्जत घालू नका.)

संध्याकाळी आत्याच्या शेजारचे सुभेदार काका आले. रिटायर होऊन बरीच वर्षं झालीत पण पाठ अजून ताठ. दादाने कूतचा विषय काढला आणि काका एकदम सरसावून बसले.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. पहिल्या महायुद्धात जनरल टाउनशेंडची सहावी पुणे डिव्हिजन मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, बगदादच्या दिशेने गेली, मागे हटली आणि टायग्रिसच्या वळणावरच्या कूत-अल-अमारा या गावात अडकली. डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६ तुर्कांचा वेढा. आत १०३वी, ११०वी आणि ११७वी अशा मराठा पलटणींचे लोक होते. आपल्याकडच्या जुन्या घरांत 'पणजोबा बसऱ्याला गेले होते' असं सांगतात ना, ती हीच मोहीम. अन्न संपत आलं तेव्हा घोडे आणि खेचरं कापायला सुरुवात झाली. गोऱ्या शिपायांनी खाल्लं. हिंदी शिपायांनी, हिंदू काय आणि मुसलमान काय, बहुतेकांनी नकार दिला. हिंदुस्थानातून धर्मगुरूंच्या परवानग्या मागवल्या, त्या वायरलेसने आल्यासुद्धा, तरी लोक हात लावेनात. माळावर उगवणारा पाला शिजवून खात होते, हिरड्या सुजून रक्त यायचं, स्कर्व्हीने माणसं आडवी पडत होती. त्यात तुर्कांकडून आपल्याकडच्या भाषांमधली पत्रकं खंदकांकडे यायची, की गोऱ्या अंमलदारांना मारा आणि आमच्याकडे या. शेवटी शेवटी एप्रिलमध्ये हजारोंनी घोड्याचं मांस खाल्लं, पण तोवर अंगात ताकद राहिली नव्हती. विमानांतून धान्याची पोती टाकून पाहिली, तेही पुरलं नाही. शरण गेल्यावर वाळवंटातल्या पायपिटीत आणि कैदेत हजारो मेले.

आणि नंतर टाउनशेंडने आपल्या आठवणींत खापर कुणावर फोडावं? हिंदी शिपायांनी आधीच घोडं खाल्लं असतं तर आणखी टिकलो असतो, असा सूर लावला. मला याचा खरंच राग येतो. बगदादकडे पुरवठ्याची सोय नसताना फौज घुसवायचा निर्णय शिपायांनी घेतला नव्हता.

काका म्हणाले, "धर्माचं भ्या नव्हतं ओ. परवानगी आली होती की. भ्या गावाचं होतं. पोरीची लग्नं कोण करणार? पाणवठ्यावर बाईला कोण येऊ देणार? पंडितानं वायरलेसवरनं सांगितलं, खरं गावातला पाटील काय वायरलेस ऐकत होता काय?"

मग त्यांनी घरातली गोष्ट सांगितली. त्यांचे पणजोबा त्या वेढ्यात होते, कैदेतून जिवंत परत आले. गावात पोचल्यावर चावडीवर बोलावणं आलं, आणि पहिला प्रश्न तब्येतीचा नाही, जखमांचा नाही, घोडं खाल्लंस काय हा. ते सरळ हो म्हणाले. मग प्रायश्चित्त ठरलं, पंचांचा दंड आणि वर गावजेवण. कैदेतल्या काळाचा थकलेला पगार हातात पडला होता तो सगळा त्या जेवणावर गेला, बैलजोडीतला एक बैलही विकला. गूळ, गहू, तूप, सगळं त्या माणसाच्या उपासमारीच्या पैशातून आलं आणि अख्खं गाव जेवून गेलं. ते स्वतः शेवटच्या पंगतीला बसले. हे सांगताना काकांचा आवाज जड झाला होता, आत्या स्वयंपाकघरातून बाहेर येऊन उभी राहिली होती.

रात्री जेवताना दादाने दुसरी बाजू सांगितली, ती मला फार महत्त्वाची वाटली. त्याच युद्धात इंग्लंडमध्ये ब्रायटनच्या राजवाड्यात जखमी हिंदी शिपायांसाठी हॉस्पिटल केलं होतं, तिथे नऊ वेगवेगळी स्वयंपाकघरं होती, हिंदू आणि मुसलमानांसाठी पाण्याचे नळसुद्धा वेगळे. चांगलीच गोष्ट. पण त्याचे फोटो काढून, पोस्टकार्डं छापून, गुरुमुखी आणि उर्दूत पुस्तिका काढून सांगितलं गेलं की बघा, सरकार तुमचा धर्म कसा सांभाळतंय. आणि तिकडे जर्मनीनेही तेच केलं! बर्लिनच्या दक्षिणेला व्युन्सडॉर्फला हाफ मून कॅम्प नावाची कैद्यांची छावणी होती, तिथे १९१५ मध्ये मशीद बांधून दिली, खाण्याच्या चालीरीती सांभाळल्या, 'हिंदोस्तान' नावाचं वर्तमानपत्र हिंदी-उर्दूत काढलं, कशासाठी, तर या कैद्यांनी इंग्रजांविरुद्ध फिरावं म्हणून. तिथल्या मल्ल सिंग नावाच्या शीख शिपायाचा आवाज १९१६ साली रेकॉर्ड केलाय आणि तो आजही आहे. एक माणूस होता, तो हिंदुस्थानात असताना लोणी खायचा, अशी तो स्वतःचीच गोष्ट सांगतो. दोन्ही साम्राज्यं याच्या ताटाकडे डोळे लावून बसलेली आणि त्याला घरचं लोणी आठवतंय.

शनिवार : किल्ला

सकाळी पाऊस थांबला. बेळगावचा किल्ला शहरातच आहे, मध्यवर्ती बसस्थानकापासून जवळ, रिक्षाने पाच-दहा मिनिटं. बराचसा भाग लष्कराकडे आहे. भोवती खंदक, आत शिरताना दुर्गेचं देऊळ, मग कमल बस्ती. हे रट्ट राजघराण्याच्या काळातलं, १२०४ चं जैन मंदिर. छताकडे मान वर करून बघा, दगडात कोरलेलं कमळ खाली झुकलेलं दिसतं, पाकळ्यांच्या कडा इतक्या पातळ आहेत की हा दगड आहे हे पटत नाही. त्याच किल्ल्यात असदखानाने बांधलेली सफा मशीदही आहे. (बूट-चपला काढाव्या लागतात, पावसाळ्यात फरशी निसरडी असते, मोजे सोबत ठेवा.)

मला मात्र इथे यायचं होतं ते विवेकानंदांसाठी. ऑक्टोबर १८९२ मध्ये ते बेळगावात आले होते, आधी भाटे वकिलांकडे आणि मग हरिपद मित्र या बंगाली अधिकाऱ्याकडे उतरले. किल्ल्यात रामकृष्ण मिशनचा आश्रम आहे तिथे ही आठवण जपलीये. भाट्यांच्या मुलाने पुढे लिहिलेल्या आठवणीत एक प्रसंग आहे. या संन्याशाला विचारलं गेलं, शाकाहारी का? तर ते म्हणाले, मी परमहंस पंथाचा, समोर येईल ते खायचं, नाही आलं तर उपाशी राहायचं. मग पुढचा प्रश्न, हिंदूंखेरीज दुसऱ्या कुणाच्या हातचं चालेल का? तर मुसलमानांच्या घरी आपण जेवलोय असं त्यांनी सांगून टाकलं. ऐकणाऱ्यांचं काय झालं असेल याचा विचार करा, कारण तो काळ आठवा. दोनच वर्षं आधी, ऑक्टोबर १८९० मध्ये, पुण्यात पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये व्याख्यानाला जमलेल्या मंडळींपुढे चहा-बिस्किटं ठेवली गेली, टिळक आणि रानडे दोघेही त्या सभेला होते. गोपाळराव जोशांनी ते सगळं मुद्दाम घडवून आणलं आणि हजर असणाऱ्यांची नावं 'पुणे वैभव' या वर्तमानपत्रात छापून आली. झालं, ग्रामण्य म्हणजे वाळीत टाकण्याचा वाद, शंकराचार्यांपर्यंत तक्रार, प्रायश्चित्तं. कपभर चहा! एवढ्याशा गोष्टीवर देशातल्या मोठमोठ्या माणसांना कोंडीत धरता आलं, ते का, तर कोण कुणाबरोबर काय प्यायलं याचा जाब विचारणारी आणि वाळीत टाकणारी यंत्रणा आपल्याच हातात होती.

दुपारी खडेबाजार, गणपत गल्ली असं फिरलो. खायचं काय, तर कुंदा आहेच. ताजा, अजून कोमट असलेला मिळाला तर तिथेच उभं राहून खा. मांडे सांगून ठेवावे लागतात बऱ्याच ठिकाणी, आदल्या दिवशी चौकशी करा. आत्याने ज्वारीची पातळ भाकरी, एण्णेगाई आणि शेंगा चटणी केली होती, बाहेर कुठे इतकं चांगलं मिळणार नाही, पण खानावळीत 'जोळद रोट्टी ऊटा' म्हणून हेच मागा.

रविवार : नरगुंद

लांबचा पल्ला, सौंदत्तीवरून गेलो. रेणुकासागराला पाणी भरपूर होतं. आधी गाडी ठरवली होती पण ड्रायव्हरने सकाळी फोनच उचलला नाही, तासभर वाट पाहून आत्याच्या भाच्याची गाडी घेतली. तेव्हा ऐन श्रावणातल्या रविवारी यल्लम्माच्या रस्त्याला जाणार असाल तर लवकर निघा आणि गाडीचं आदल्या रात्रीच पक्कं करा. सौंदत्ती ओलांडली की जमीन बदलते, काळी रानं, त्यात मूग, मका, सूर्यफूल, आणि मग सपाटीवर एकदम नरगुंदचा डोंगर उभा राहतो.

नरगुंद आज गदग जिल्ह्यात आहे. इथे भास्करराव भावे ऊर्फ बाबासाहेब यांचं छोटंसं संस्थान होतं. दत्तक नाकारलेला, हत्यारं जमा करायचा हुकूम निघालेला, आणि त्यात १८५७. मे १८५८ अखेर पोलिटिकल एजंट मॅन्सन रामदुर्गाहून येताना सुरेबानला मुक्कामाला होता, बाबासाहेबांच्या लोकांनी त्याला तिथे मारलं. चारच दिवसांत इंग्रजांनी नरगुंद घेतलं, आणि जूनमध्ये बाबासाहेबांना बेळगावात फाशी दिली. त्यांच्या घरच्या बायकांनी मलप्रभेत उड्या घेतल्या असं इथे अजून सांगतात.

डोंगरावर चढताना वारा इतका होता की बोललेलं ऐकू येत नव्हतं. (चांगली पकड असणारे बूट घाला, पाणी खालूनच घ्या, वर काही मिळत नाही.) वर बसून दादाशी काडतुसांवर बोलणं झालं. शाळेत आपण दोन ओळीत संपवतो, पण नीट बघितलं तर अंगावर काटा येतो. नवी एनफिल्ड रायफल, कागदी काडतूस, त्याचं टोक दातांनी फाडून दारू नळीत ओतायची. कागदाला वंगण लावलेलं. जानेवारी १८५७ मध्ये कलकत्त्याजवळ डमडमला बातमी फुटली की हे वंगण गाय आणि डुकराच्या चरबीचं आहे. सरकारने घाईने सांगितलं, तुमचं तुम्ही तेल-मेण लावा, दातांऐवजी हाताने फाडा. मग तर संशय आणखी वाढला, म्हणजे आधी होतंच तर! २४ एप्रिलला मेरठला ९० पैकी ८५ स्वारांनी काडतुसं नाकारली, ९ मे रोजी भर परेडवर त्यांच्या पायात बेड्या ठोकल्या, १० मे रोजी उठाव. त्याच सुमारास कानपूरला स्वस्त पीठ आलं तर त्यात हाडांची भुकटी मिसळलीये अशी अफवा उठली आणि लोकांनी पिठाला हात लावला नाही. ही नुसती बाजारगप्प नव्हती. जातीबाहेर पडलेल्या शिपायाला परत जायला घर उरत नाही, मग तो ख्रिस्ती होईल आणि समुद्रापार कुठेही जाईल, सरकारला तेच हवंय, असा पूर्ण तर्क त्यामागे होता.

या झळा इकडेही पोचल्या. ३१ जुलै १८५७ ला कोल्हापुरात २७वी पलटण उठली, बेळगावच्या २९व्या पलटणीवर संशय, आणि ऑगस्टमध्ये बेळगावात कटाच्या आरोपाखाली देहदंड दिले गेले. आणि दिल्लीत उलटी गोष्ट बघा. त्याच ऑगस्टमध्ये बकरी ईद आली तेव्हा बहादूरशहा जफरने शहरात गोहत्या बंद ठेवली. हिंदू-मुसलमान एकमेकांवर तुटून पडतील अशी आशा बाहेरच्या इंग्रज छावणीत होती, ती फोल ठरली. ताटावरून फूट पाडता येते तसं ताटावरून माणसं जोडताही येतात, आणि ते एका म्हाताऱ्या बादशहाला वेढ्याच्या गडबडीत सुचलं याचं मला फार अप्रूप वाटतं.

खाली उतरून गिरमिट आणि मिरची भजी खाल्ली. चुरमुऱ्यांना चिंच-कांद्याचा मसाला, वर डाळ्याचं पीठ. टपरीवाल्या अज्जांना मराठी येत नव्हतं, आम्हाला कन्नड जेमतेम, तरी आम्ही गुड्डा, म्हणजे डोंगर, बघून आलो कळल्यावर त्यांनी बाबासाहेबांचं नाव घेऊन हात जोडले आणि भज्यांची आणखी एक घाणी काढली, पैसे घेतले नाहीत.

सोमवार : जांबोटी, कणकुंबी

श्रावणी सोमवार, आत्याचा उपास, आम्हाला मात्र तिने साबुदाण्याचे वडे बांधून दिले आणि खिचडी वेगळी. जांबोटी मार्गे चोर्ल्याच्या रस्त्याला लागलो. खानापूर तालुक्याचा हा भाग पावसात म्हणजे नुसतं धुकं, पाच फुटांवरची म्हैस दिसत नाही. (गाडीचे लाइट लावून ठेवा, अंधार पडायच्या आत घाट सोडा, पेट्रोल बेळगावातच भरा, रेंज जाते.) कणकुंबीला मलप्रभेचा उगम आहे, देवळापाशी कुंड. काल ज्या नदीची गोष्ट ऐकली ती इथे एवढीशी सुरू होते.

इथून खाली उतरलं की गोवा. एका घरात जेवणाची सोय होती, लाल तांदळाचा भात, अळूचं फदफदं, नाचणीची भाकरी. वाढणाऱ्या आजींचं घराणं फार पूर्वी गोव्यातून घाट चढून आलेलं, देव पाठीवर घेऊन. विहिरीत पाव टाकण्याची गोष्ट मी लहानपणापासून ऐकलीये, तुम्हीही ऐकली असेल, रात्री फिरंगी विहिरीत पाव टाकायचे, सकाळी गाव पाणी प्यायचं आणि बाटायचं. आजींनी तीच सांगितली. दादाने इन्क्विझिशनचं, म्हणजे गोव्यातल्या पोर्तुगीजांच्या धर्मन्यायालयाचं, सांगितलं, १५६० ते १८१२, मधली काही वर्षं सोडता. १७३६ चा हुकूम तर असा होता की हिंदूंसारखा मीठ न घालता भात शिजवायचा नाही. म्हणजे चुलीवरच्या भातात मीठ आहे की नाही यावरून माणसाचा खरा धर्म ओळखायचा! स्पेनमध्ये डुक्कर खात नाही म्हणून माणूस संशयित ठरायचा, तीच रीत इथे भाताला लावली.

आजी सगळं ऐकून घेत होत्या, मग भाकरी वाढता वाढता म्हणाल्या, "टाकला पाव फिरंग्यानं, बरं. खरं पाणी पिणाऱ्याला परत घरात घेऊ नको असं फिरंगी म्हणाला काय? ते तर आपल्याच माणसांनी म्हटलं की. माझ्या आजेसासूची बहीण खालीच राहिली, जन्मभर भेट नाही झाली दोघींची."

मी पुढचा घास हातात घेऊन तशीच बसले. शुक्रवारपासून आम्ही हेच शोधत होतो, काकांच्या पणजोबांची चावडी, मेरठचे शिपाई, पंचहौदचा चहा, आणि या बाईंनी ते एका वाक्यात बोलून दाखवलं. शत्रूला फक्त पाव टाकायचा असतो, दार आतून आपण लावतो. आणि दार उघडलेलंही आहे आपल्याकडे, म्हणून तर मला हे जास्त लागतं. मुसलमान झालेल्या नेताजी पालकरांना शिवाजी महाराजांनी १६७६ साली परत घेतलं. गोव्यात १९२८ मध्ये मसूरकर महाराजांनी ख्रिस्ती झालेल्या गावडा समाजाला परत हिंदू धर्मात आणलं. मुंबईत परमहंस मंडळी या जातिभेद मोडू पाहणाऱ्या गुप्त सभेतली पोरं १८४९ पासून मुद्दाम परक्याच्या हातचा पाव खायची, त्या भीतीचा कणा मोडावा म्हणून, पण तेही गुपचूप, सभासदांची नावं बाहेर फुटली तशी मंडळी पांगली.

परतताना जांबोटीला चहा प्यायलो, पाऊस आडवा मारत होता. बेळगावात शिरेपर्यंत रात्र झाली. सुभेदार काका आमची वाटच बघत होते, त्यांनी पणजोबांचं पदक दाखवायला आणलं होतं, कडेला नंबर आणि पलटणीचं नाव कोरलेलं. त्या नंबरावरून पलटणीच्या नोंदी शोधता येतील का हे दादा आता बघतोय.

कोल्हापूर, सातारा, रत्नागिरी, बेळगाव भागात ज्यांच्या घरी कुणी बसऱ्याला गेलं होतं त्यांनी पदकांच्या कडा बघा, त्यावरचे नंबर लिहून ठेवा. गावात पहिल्या महायुद्धाचा संगमरवरी फलक असेल तर त्याचा स्वच्छ फोटो काढा, कितीतरी ठिकाणी त्यावर चुन्याचे हात बसलेत. आणि परत आलेल्या माणसाला गावाने पंगतीत कुठे बसवलं हे घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा. ते कुठल्याच सरकारी कागदात नाहीये, आणि सांगणारी माणसं आता थोडीच उरलीत.